आठ तारखेचे दोन उत्सवमूर्ती

एकाच दिवशी दोन मेलेल्या माणसांचा वाढदिवस करायचा असेल तर केक एक आणावा की दोन? हा प्रश्न मीटरकाकांना उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता. वीज कार्यालयात मीटर तपासनीस म्हणून नोकरी करताना लोकांनी त्यांना नाना प्रश्न विचारले, आणि सगळ्यांना काकांचं उत्तर एकच असायचं : "रीडिंग बरोबर आहे." आता प्रश्न त्यांचा स्वतःचा होता, आणि ज्या बाईला उत्तर ठाऊक होतं ती मे महिन्यात भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसली होती.

त्यांच्या बायकोला, म्हणजे सगळ्या इमारतीच्या काकूंना, गाणाऱ्यांचे वाढदिवस करायचा नाद होता. गाणारेही साधे नाहीत. रॉकवाले, पॉपवाले, सोलवाले. सोल म्हणजे काय ते तिनं नवऱ्याला अनेकदा समजावलं. त्यांना एवढंच कळलं, की त्यात एक बाई मन मोकळं करते आणि मागे उभ्या असलेल्या बायका तिला दुजोरा देतात. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावानं ती केक भाजायची, संध्याकाळी दार सताड उघडं टाकायची आणि त्याची रेकॉर्ड लावायची. मग जिन्यानं वर जाणारा वर जायचा नाही आणि खाली जाणारा खाली जायचा नाही.

खोलीच्या मधोमध हातांची खुर्ची असायची, उत्सवमूर्तींसाठी. उत्सवमूर्ती काही यायचे नाहीत. त्यांचे प्रतिनिधी म्हणून ती नवऱ्याला तिथे बसवायची. त्यामुळे मीटरकाका मार्चमध्ये अरिथा फ्रँकलिन असत, सप्टेंबरमध्ये ओटिस रेडिंग आणि नोव्हेंबरमध्ये जिमी हेंड्रिक्स. अरिथाबाई असताना खांद्यावर शाल असे. खुर्चीत बसलं की त्यांना हमखास डुलकी लागायची. रेकॉर्डची एक बाजू थांबली की ते दचकून विचारायचे, "संपलं का?" ती म्हणायची, "आत्ता कुठे सुरू झालंय!" आणि रेकॉर्ड उलटी करायची. लोक हसायचे. यात हसण्यासारखं काय आहे, हे काकांना कधी कळलं नाही.

आठ जानेवारी मात्र जोडदिवस. त्या दिवशी एल्विस प्रेस्लीही जन्मला आणि बऱ्याच वर्षांनी डेव्हिड बोवीही. थोरला आणि धाकटा, असं ती म्हणायची. थोरल्याच्या वेळी काकांच्या उरलेल्या केसांचा कपाळावर तुरा निघायचा. धाकट्याच्या वेळी ती लिपस्टिकनं त्यांच्या कपाळापासून गालापर्यंत एक लालभडक वीज काढायची, कारण धाकटा म्हणे एकदा तशी काढून घेऊन फिरला होता. एका वर्षी त्याच चेहऱ्यानं काकांना गॅस सिलिंडर उतरवून घ्यावा लागला. सिलिंडरवाल्यानं त्यानंतर कधी बक्षिशी मागितली नाही.

काकू गेल्या त्या आठवड्यात स्टीव्ही वंडरचा वाढदिवस होता. केकसाठी आणलेली अंडी फ्रिजमध्ये तशीच राहिली. काकांनी ती खाल्लीही नाहीत आणि फेकलीही नाहीत. शेवटी लेकीनं येऊन काय ते केलं.

तेव्हापासून जिना गप्प होता.

आणि आता लेकीचा फोन आला. "बाबा, आठ तारखेला मी येतेय. आईचा रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डी घेऊन जाते. तुम्ही तर ऐकत नाही. नुसती धूळ खातायत."

"बरं, ने," काका म्हणाले. खोटं काही नव्हतं. ते ऐकत नव्हतेच. पण फोन ठेवल्यावर त्यांनी प्लेअरवरचं कापड काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. न्यायचंय तर नेऊ दे. पण एकदा आठ तारीख झाल्यावर. तिच्यासारखी नीट. दार लावून, एकट्यानं, एक केक, थोरल्याचं एक गाणं, धाकट्याचं एक गाणं. कुणाला कळायचं कारण नाही.

कळलं, कारण रेकॉर्ड प्लेअर फिरेना. काकांनी झाकण उघडून पाहिलं, तर आतला रबरी पट्टा वितळून काळ्या गुळासारखा झाला होता. प्लेअर कापडात बांधून काखेत घेऊन ते निघाले, तोच समोरच्या ताई दारात उभ्या. या ताईंना दार उघडण्यासाठी बेल लागत नसे, नुसती चाहूल पुरायची.

"काका, काय ते? काकूंचा प्लेअर ना? अगं बाई, आठ तारीख! करताय तुम्ही! मला वाटलंच होतं!"

"मी काही करत नाहीये. दुरुस्तीला नेतोय."

"आठ तारखेच्या आधी दुरुस्ती म्हणजे करणारच की! केक मी भाजते. काकूंसारखा नाही होणार, पण माझा ओव्हन मोठा आहे."

"अहो ताई, नको. मी बेकरीतून—"

"बेकरीचा? काकूंच्या घरात? त्यांच्या फोटोसमोर?"

काका फोटोच्या बाबतीत हळवे होते. ते गप्प बसले. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार असं धरतात. काका जिना उतरून खाली पोचेपर्यंत बातमी वरच्या मजल्यावर पोचली होती.

रेडिओ दुरुस्तीवाल्यानं प्लेअर उलटा धरून हलवला, आतून एक हेअरपिन पडली. ती काकांनी खिशात टाकली. "साहेब, ह्याचा पट्टा मिळत नाही आता," तो म्हणाला. "माझ्याकडे शिलाई मशीनचं एक रबर आहे. जरा जाड आहे. गाणं थोडं पळेल."

"पळेल म्हणजे?"

"लवकर संपेल. तुम्हाला गाण्याची आवड आहे का?"

"नाही."

"मग फायदाच आहे."

परत येताना जिन्यात वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांचं म्हणणं, केक बिनसाखरेचा हवा, आणि शेवटी सगळ्यांनी चूळ भरायला हवी. गाण्याबद्दल त्यांचं काही मत नव्हतं. "आणि काका, गर्दीला चहा पुरायचा नाही. माझ्या दवाखान्यातलं मोठं उकळतं भांडं आणते. विजेवर चालतं." गर्दी हा शब्द काकांनी तेव्हा प्रथम ऐकला.

तळमजल्यावरच्या निवृत्त बँडमास्तरांनी सांगितलं, की त्या जुन्या डब्यातून आवाज डासासारखा येईल. त्यांच्याकडे लग्नाच्या बँडचे दोन स्पीकर पडून आहेत, ते जोडू. मग प्रश्न आला खुर्चीचा. काका रेकॉर्ड लावणार, तर उत्सवमूर्ती म्हणून बसायचं कोणी? बँडमास्तरांचं म्हणणं, संगीतक्षेत्रातला माणूस हवा. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, दात बरे असलेला हवा, फोटो काढायचेत. ताईंनी आपल्या यजमानांचं नाव सुचवलं. यजमान त्या दिवशी ऑफिसात उशिरापर्यंत काम आहे म्हणाले, आणि लग्नानंतर प्रथमच ते खरं होतं.

काका घरी येऊन खुर्चीसमोर उभे राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटायचं की तिथे बसणं ही शिक्षा आहे. आता तिच्यासाठी उमेदवार भांडत होते.

सगळ्यात शेवटी सेक्रेटरी आले. हे इमारतीचे सेक्रेटरी, आणि काकांच्या बरोबर खाली राहायचे. प्रत्येक वाढदिवसाला गाणं सुरू झालं की ते वर यायचे, उंबऱ्यावर उभे राहायचे आणि आवाजाबद्दल तक्रार करायचे. काकू त्यांच्या हातात केक द्यायच्या. ते म्हणायचे, "मी निषेध नोंदवून खातोय." आणि खायचे. आत मात्र कधी आले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता.

"ऐकलं ते खरं का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"घरातल्या घरात आहे हो."

"घरातल्या घरात? माणसं किती, खोली केवढी? लोक जिन्यात उभे राहणार. जिना सामायिक आहे. त्यात स्पीकर. काकूंचं घरगुती होतं, हे आयोजन आहे. वॉर्ड ऑफिसची परवानगी लागेल."

"काकूंना कधी लागली नाही."

"काकूंना कोण सांगणार?" सेक्रेटरी म्हणाले आणि उंबऱ्यावरूनच आतल्या फोटोकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "तुम्हाला सांगता येतं."

आयुष्यभर लोकांना वीज कार्यालयाच्या रांगेत पाठवणारा माणूस वॉर्ड ऑफिसच्या रांगेत उभा राहिला. खिडकीतल्या कारकुनानं वर न पाहता विचारलं, "कशासाठी?"

"वाढदिवस."

"कोणाचा?"

"दोघांचा. एल्विस प्रेस्ली आणि डेव्हिड बोवी."

"भाडेकरू आहेत का?"

"नाही. गायक."

"कार्यक्रमाला हजर राहणार?"

"नाही हो. वारले."

कारकुनानं आता वर पाहिलं. "वारलेल्यांचा वाढदिवस नसतो, काका. जयंती असते. जयंतीची खिडकी ती पलीकडची."

पलीकडच्या खिडकीतल्या बाईंनी यादीत बोट फिरवलं आणि या दोन थोर पुरुषांची नावं मान्यताप्राप्त जयंत्यांमध्ये नसल्याचं सांगितलं. "शोकसभा म्हणून देऊ का? त्याला लगेच मिळते. फक्त गाणं-बजावणं चालत नाही."

"अहो, गाणंच आहे. दुसरं काही नाहीच."

"मग तुम्ही असं करा," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोणीतरी जिवंत माणूस दाखवा. त्याचा वाढदिवस म्हणून देते."

काकांना पटकन कोणी जिवंत माणूस सुचेना. शेवटी त्यांनी खाली राहणाऱ्या सेक्रेटरींचं नाव सांगितलं. अशा रीतीनं आठ जानेवारीला, सरकारदरबारी, सेक्रेटरींचा वाढदिवस ठरला. त्यांचा खरा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो आणि त्याला कोणी जात नाही.

आठ तारखेला संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ताईंचा केक आला होता. थोरल्याचा आणि धाकट्याचा मिळून एकच, पण मधोमध क्रीमची सीमारेषा. ताईंनी तो गरम राहावा म्हणून ओव्हनही उचलून आणला होता. डॉक्टरीणबाईंचं भांडं टेबलावर बसलं होतं. बँडमास्तरांचे स्पीकर कपाटाएवढे होते, म्हणून कपाट जिन्यात ठेवलं होतं. खुर्ची मध्ये रिकामी होती, आणि सगळे उमेदवार तिच्याकडे न बघितल्यासारखं करत तिच्याभोवती उभे होते.

काका आतल्या खोलीत आरशासमोर होते. तुरा जमला नव्हता, उरलेले केस ऐकत नव्हते. ड्रॉवरमध्ये लिपस्टिक होती. टोपण उघडल्यावर तिचा वास आला, म्हणून ते जरा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी कपाळापासून गालापर्यंत वीज काढली. तिला ती एका झटक्यात यायची. काकांची तीन वेळा वळली आणि हनुवटीवर उतरली.

ते बाहेर आले. कोणी हसलं नाही. ताई एवढंच म्हणाल्या, "काका, काकू दुसऱ्या डोळ्यावर काढायच्या."

"आरशात बघून काढली," काका म्हणाले.

तेवढ्यात लेक आली. दोन्ही हातांत रिकामी खोकी, काखेत आणखी एक. तिनं गर्दी पाहिली, कपाटाएवढे स्पीकर पाहिले, आणि मग बापाचा चेहरा पाहिला. "बाबा, हे काय?"

"आठ तारीख आहे," काका म्हणाले. "झाली की ने."

त्यांनी थोरल्याची रेकॉर्ड लावली. सुई टेकवली. रेडिओवाल्याचं रबर जाड होतं हे खरं. एल्विस प्रेस्लीचा भरदार आवाज म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो त्या संध्याकाळी उंदराच्या पिल्लाला गुदगुल्या केल्यासारखा निघाला, तोही कपाटाएवढ्या दोन स्पीकरमधून. बँडमास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली. ते म्हणाले, "उडती चाल आहे." दाराबाहेरून सेक्रेटरींचा आवाज आला, "मी निषेध नोंदवतो!" पण तोही त्या उंदरापुढे बारीक वाटला.

"थांबवा, थांबवा," काका म्हणाले. "हे असं नव्हतं. तिच्या वेळी असं नव्हतं."

"आवाज वाढवून बघू," बँडमास्तर म्हणाले आणि त्यांनी बटण पिळलं. त्याच क्षणी भांडं उकळायला लागलं, ओव्हन आपोआप सुरू झाला, आणि भिंतीतून फट् असा आवाज येऊन सगळी इमारत काळोखात गेली.

हे सगळं एकाच प्लगवर होतं. नोकरीत असताना काकांनी घरोघरी जाऊन गृहिणींना जी एक गोष्ट हात जोडून सांगितली होती, ती हीच : बाई, एका प्लगवर सगळा भार टाकू नका. अंधार होता म्हणून बरं, नाहीतर त्यांना तोंड लपवायला जागा नव्हती.

वीज कार्यालयाला फोन गेला. थोड्या वेळानं जिन्यात बॅटरीचा झोत आला. लाइनमन काकांच्याच हाताखाली शिकलेला. मीटरच्या पेटीपाशी काका त्याची वाट बघत उभे होते. झोत त्यांच्या चेहऱ्यावर पडला, तसा तो एक पायरी मागे सरकला.

"साहेब! मला वाटलं धोक्याची पाटी आहे."

"फ्यूज बघ," काका म्हणाले.

"बघतो. पण साहेब, वीज काढायचीच होती तर खाली कवटी पण काढायची. नियमाप्रमाणे."

"फ्यूज बघ म्हटलं ना! चेहरा नंतर बघ."

"साहेब, आणि भार कोणी टाकला एवढा? तुमच्या घरात?"

काकांनी बॅटरीचा झोत हातानं फ्यूजकडे वळवला. त्या क्षणी त्यांना वाटलं की लेकीनं खोकी भरून सगळं न्यावं, स्पीकरसकट, जमलं तर बँडमास्तरांसकट. माणूस गेल्यावर त्याची हौस आपण करू म्हणणं हा शुद्ध मूर्खपणा. ज्याचं त्याला साधतं. तिला एका रेकॉर्डवर सगळी इमारत आत घेता यायची, आपल्याला सगळी इमारत लावूनही एक गाणं लागेना.

दिवे आले. काका वर आले तर खोलीतलं कोणीही घरी गेलं नव्हतं. काळोखात मेणबत्त्या शोधायच्या नावाखाली केक मात्र पुष्कळसा गेला होता. सीमारेषेच्या दोन्ही बाजूंनी. आणि मधल्या खुर्चीत, उत्सवमूर्तीच्या जागी, मिशीला क्रीम लागलेले सेक्रेटरी बसले होते. इतक्या वर्षांत ते प्रथमच उंबऱ्याच्या आत आले होते, आणि ते काळोख असताना, म्हणजे तत्त्वाला फारसा धक्का न लावता.

"अंधारात उभं राहवेना," ते उठत म्हणाले. "गुडघे. बसा, ही तुमची जागा आहे."

"मला रेकॉर्ड लावायचीय."

"मी लावते, बाबा," लेक म्हणाली. तिनं स्पीकरच्या वायरी काढल्या, ओव्हनची पिन काढली, चहाचं भांडं बंद केलं आणि नुसता प्लेअर ठेवला, आईचा होता तसा. रबर मघाशी पळून पळून सैल पडलं होतं, त्यामुळे तबकडी आता सावकाश फिरत होती. तिनं सुई ठेवली, आणि थोरला आता जवळजवळ माणसासारखा गायला लागला. किंचित सर्दी झाल्यासारखा, पण माणूसच.

काका खुर्चीत बसले. ताईंनी त्यांच्या हातात केकचा उरलेला कोपरा ठेवला. लेकीला बसायला जागा नव्हती. तिनं एक खोकं उलटं घातलं आणि त्यावर बसली. दुसरं डॉक्टरीणबाईंना दिलं. तिसऱ्यावर लाइनमन बसला, त्याला फ्यूज पुन्हा जाईल अशी खात्री होती. काकांनी ठरवलं होतं, आज पूर्ण जागं राहून ऐकायचं, एवढी माणसं का थांबतात ते एकदा बघायचं. पण दिवसभराची दगदग, खुर्चीची सवय. दुसऱ्या गाण्यात त्यांची मान छातीवर आली.

रेकॉर्डची बाजू थांबली. सुई खरखरत राहिली. काका दचकले.

"संपलं का?"

तोंडातून शब्द गेल्यावर त्यांना पूर्ण जाग आली. ते हात गुडघ्यावर ठेवून तसेच बसले. कोणी हसलं नाही. ताईंनी पदर डोळ्यांना लावला. लेक खोक्यावर मान खाली घालून बसली होती. या प्रश्नाला या घरात एकच उत्तर होतं, आणि ते देणारी फोटोत होती. सुई खरखरत होती.

उंबऱ्यापाशी परत जाऊन उभ्या राहिलेल्या सेक्रेटरींनी घसा खाकरला. तोंडात केक होता, तो त्यांनी गिळला.

"आत्ता कुठे सुरू झालंय," ते म्हणाले.

कोणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच हसले. लेकसुद्धा, नाक ओढत. यात हसण्यासारखं काय आहे ते काकांना अजूनही सांगता आलं नसतं, पण तेही हसत होते, आणि हनुवटीवरची वीज ओली होऊन शर्टाच्या कॉलरवर उतरत होती. लेक उठली आणि तिनं रेकॉर्ड उलटी केली.

"धाकट्याची अजून राहिलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चूळ त्याच्यानंतर."

काकांनी लेकीला हळूच विचारलं, "खोकी आणखी आहेत का खाली गाडीत?"

"आहेत. का?"

"बँडमास्तर उभे आहेत केव्हाचे."

धाकट्याचं गाणं होऊन माणसं जिन्यात पांगली तेव्हा सेक्रेटरी मागे रेंगाळले. "एकोणीस तारखेला पुन्हा जोड आहे," ते म्हणाले. "जॅनिस जॉप्लिन आणि डॉली पार्टन. एक वारली, एक हयात आहे. परवानगी हयातीच्या नावावर मागा, म्हणजे जयंतीच्या खिडकीवर जायला नको."

"तुम्हाला कसं ठाऊक?" काकांनी विचारलं.

"इतकी वर्षं तक्रार करतोय," सेक्रेटरी दुखावल्या आवाजात म्हणाले. "तारखा पाठ असाव्या लागतात."